मुंगीएवढी थरथर

फिल्मबाई गर्विष्ठ होत्या, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. आंधळ्या माणसाबद्दल बोलायचं म्हटलं की लोक लगेच आवाज मऊ करतात, आणि तो मऊ आवाज कानावर आला की फिल्मबाईंच्या कपाळाला आठी पडे. जन्मापासून दृष्टी नाही, लग्न केलं नाही, कुणाचं मिंधेपण पत्करलं नाही. एका मोठ्या इस्पितळाच्या एक्स-रे विभागात त्यांनी एकतीस वर्षं अंधाऱ्या खोलीत फिल्मा धुतल्या. खरं नाव हजेरीपटावर होतं. डॉक्टरांपासून झाडूवालीपर्यंत सगळे त्यांना फिल्मबाईच म्हणत.

त्या खोलीत डोळसाचं काही चालत नसे. नवा माणूस आला की लाल दिव्याच्या उजेडात औषधाच्या टाक्यांना धडकायचा, फिल्मेवर बोटांचे ठसे उमटवायचा आणि आठ दिवसांत दुसरीकडे बदली मागायचा. फिल्मबाई कॅसेट उघडत, फिल्म कडांनी धरून हँगरला लावत, टाकीच्या भिंतीला तळहात लावून पाण्याची ऊब बघत आणि फिल्म किती वेळ बुडवायची त्याचे आकडे त्या मानाने मनात मोजत. थंडीत जास्त, उन्हाळ्यात कमी. एकतीस वर्षांत त्यांच्या हातून एक हाड काळं पडलं नाही की एक फुप्फुस पुसट आलं नाही. मोठे डॉक्टर म्हणायचे, बाई, तुमच्या बोटांना डोळे आहेत. यावर फिल्मबाई म्हणायच्या, डोळे असते तर चुकले असते.

मग मशीन बदललं. चित्र थेट पडद्यावर यायला लागलं, फिल्म संपली, टाक्या भंगारात गेल्या. अंधाऱ्या खोलीत मोडक्या चाकांच्या खुर्च्या रचल्या आणि फिल्मबाईंना विभागाच्या दाराशी बसवलं, आल्यागेल्याला रांगेत बसवा म्हणून. दोन वर्षं त्या तिथे बसल्या. लोक त्यांना ओलांडून आत जात. मुदतीआधीच निवृत्ती घेऊन त्या घरी आल्या, आणि तेव्हापासून त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं.

हे ध्यानात ठेवलं म्हणजे पुढचं समजतं. माणसाला अन्नाची भूक असते तशी विचारलं जाण्याचीही असते.

त्यांची धाकटी बहीण सहा वर्षांनी लहान. तिचं बायकांच्या कपड्यांचं शिवणाचं दुकान होतं, दोन कारागीर बायका हाताखाली, आणि गिऱ्हाईक असं की आईनंतर लेक येई. धाकटीला साखरेने धरलं. आधी बोटं गेली. सुई टोचलेली कळेना, कापडावर लाल डाग दिसला की मग कळे. त्यानंतर दीड वर्षात डोळे गेले, तेव्हा ती अठ्ठावन्न वर्षांची होती. नवरा आधीच गेलेला, मुलगा आणि सून शहराच्या दुसऱ्या टोकाला. म्हणून ती ताईकडे राहायला आली, कारण ताईच्या दारापासून दुकान सहा मिनिटांवर होतं.

सहा मिनिटं. पण ती चालायची कुणी? मुलगा आठवड्यातून दोनदा स्कूटरवर येऊन आईला दुकानात सोडी आणि संध्याकाळी उचलून आणी. धाकटी म्हणायची, पार्सलवर निदान पत्ता तरी असतो. बाकीचे पाच दिवस कारागीर बायका आपल्या मनाने दुकान चालवत, आणि कशा चालवत ते सांगायला नको. मुलाने शेवटी स्पष्ट सांगितलं, की वर्षअखेरपर्यंत आई स्वतःची स्वतः जायला लागली तर ठीक, नाहीतर जागा एका मोबाइल दुरुस्तीवाल्याला द्यायची. तो वाईट मुलगा नव्हता. त्याला नोकरी होती आणि दिवसाचे तास तेवढेच होते.

धाकटीने पांढरी काठी हातात घेतली, पण तिला चालता येईना. जमिनीवरचं काठी सांगते. तोंडासमोर आलेलं सांगत नाही. एकदा अर्धवट ओढलेलं शटर, एकदा झाडाची फांदी, की ती घाबरून जागच्या जागी उभी राही आणि कुणी येऊन हात धरीपर्यंत हलत नसे. फिल्मबाईंना याचा राग येई. शटर असलं की आवाज बदलतो, हवा बदलते, ऐकू येत नाही का तुला? नाही येत, धाकटी म्हणे. अठ्ठावन्न वर्षं डोळ्यांनी बघितलेल्या बाईला ते कसं ऐकू येणार? पण जन्मतः ज्याला पोहता येतं त्याला बुडणाऱ्याचा रागच येतो.

याच सुमारास अंधांच्या संस्थेतून निरोप आला. एका इंजिनिअरिंग कॉलेजातले लोक काठीला बसवायची एक मूठ तयार करत होते. पुढे छातीच्या किंवा डोक्याच्या उंचीवर काही आडवं आलं की ती मूठ हातात थरथरते. ती वापरून बघायला अनुभवी माणसं हवी होती. फिल्मबाई म्हणाल्या, मी जाते. धाकटीला म्हणाल्या, नीट करून घेते तुझ्यासाठी, दुकान कुठे जात नाही.

कॉलेजातली माणसं चांगली होती, आणि खरी पंचाईत तीच. वाईट असती तर शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं. प्रोफेसर पन्नाशीचे, सावकाश बोलणारे. त्यांच्या हाताखाली एक डिझायनर मुलगी, जिच्या वहीची पानं सारखी फडफडत, म्हणून फिल्मबाईंनी तिचं नाव वहीवाली ठेवलं. वापरणाऱ्याला विचारल्याशिवाय आम्ही एक स्क्रूही पिळत नाही, असं प्रोफेसर पहिल्याच दिवशी म्हणाले आणि ते त्यांनी अक्षरशः पाळलं. वहीवाली घरी आली, फिल्मबाई चहा कसा करतात, कुलूप कसं लावतात, रस्ता कसा ओलांडतात, सगळं बघून गेली. धाकटी आतल्या खोलीत पलंगावर बसून होती. तिची साखर त्या दिवशी चढली होती आणि तिला कुणाशी बोलायचं नव्हतं. वहीवालीने दारातून विचारलं, याही येतील का? फिल्मबाई म्हणाल्या, तिचं काय विचारता, ती अजून शिकते आहे. मी सांगते ना.

सुरुवातीला सहाजणांना बोलावलं होतं. त्यातले तिघे डोळे अलीकडेच गेलेले. ते एकदा आले, दुसऱ्यांदा आणायला कुणी मिळालं नाही, तिसऱ्यांदा त्यांची नावंच यादीतून गळाली. फिल्मबाई मात्र दर बुधवारी बरोबर दहाला एकट्या हजर. दोन बस बदलून. मुठीची ज्यांना गरज होती त्यांना तिथवर पोचता येत नव्हतं आणि जी पोचत होती तिला मुठीची गरज नव्हती. इतकी साधी गोष्ट, पण ती कुणाच्या वहीत आली नाही.

पहिली मूठ हातात घेतल्यावर फिल्मबाईंनी ती टेबलावर आपटली. म्हणाल्या, ही काय पिठाची चक्की हातात दिली? हात बधिर होतो. कमी करा. कमी केली. अजून कमी करा. चार बुधवार ते चाललं. चौथ्या बुधवारी त्या म्हणाल्या, हां, आता मुंगी चालल्यासारखं वाटतं, एवढं पुरे. मुठीतून पीं-पीं असा आवाजही येई. तो त्यांनी पहिल्या दिवशीच बंद करायला लावला. "चारचौघांत पीं-पीं करत चालायला मी काय मागे सरकणारा टेम्पो आहे?" सगळे पोट धरून हसले आणि वहीवालीने ते वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं. थरथर कमीजास्त करायचं एक चाक होतं, तेही गेलं. जितकी बटणं तितका घोळ, फिल्मबाई म्हणाल्या, एकदा नीट बसवा आणि विसरा.

एकही सल्ला खोटा नव्हता. त्यांच्यापुरता प्रत्येक खरा होता.

प्रयोगशाळेची एक भिंत त्यांच्या हाताला खवल्यांसारखी लागे. काय आहे हे, विचारल्यावर कळलं, की तुम्ही जे जे बोललात ते चिठ्ठ्यांवर लिहून चिकटवलंय. फिल्मबाई खूश झाल्या. पण वर म्हणाल्याच, बोलणं माझं आणि मलाच वाचता येत नाही, ही चांगली तऱ्हा. त्यावरही सगळे हसले. ती चिठ्ठी मात्र कुणी लावली नाही.

मग चाचणीचा दिवस आला. लांब व्हरांड्यात छतापासून थर्माकोलच्या बारा पाट्या टांगल्या होत्या, कुठे छातीला येणाऱ्या, कुठे कपाळाला. एकीलाही न धडकता पार जायचं. बघायला बाहेरचे पाहुणे आले होते, ज्यांनी तीनशे मुठी करून वाटायचं कबूल केलं होतं ते. फिल्मबाई निघाल्या. पहिली पाटी चुकवली, दुसरी चुकवली, आणि तिसऱ्या पाटीपाशी त्यांच्या लक्षात आलं की मूठ मेलेली आहे. आतली बॅटरी संपली असावी नाहीतर कुणी चालूच केली नसावी. हातात मुंगी नव्हती, काही नव्हतं. नुसता प्लास्टिकचा गोळा. पाट्या त्या कानांनी चुकवत होत्या, रोज रस्त्यात चुकवत तशा.

तिथे थांबून सांगायचं होतं. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण व्हरांडा श्वास रोखून उभा होता आणि तो श्वास त्यांच्यासाठी रोखलेला होता. फिल्मबाई चालत राहिल्या. बारावी पाटी मागे पडली आणि टाळ्या वाजल्या. प्रोफेसर म्हणाले, इतकी सफाई मी पाहिली नाही. वहीत वेळ लिहिली गेली, धडका शून्य लिहिल्या गेल्या. फिल्मबाईंचा फोटो काढला, खोक्यावर छापायला. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती झाली. शीत दुसऱ्याच पातेल्यातलं होतं एवढंच.

बसमध्ये त्यांनी स्वतःची समजूत घातली, की बॅटरीचं काय, ती चालू असती तरी निकाल हाच लागला असता. हे खरंच होतं, आणि त्यातली भानगड तीच होती. पण त्या तेवढा विचार करायला थांबल्या नाहीत.

तयार मुठींतली पहिली त्यांना घरी मिळाली. धाकटीच्या काठीला त्यांनी ती स्वतः बसवली आणि दुसऱ्या दिवसापासून गल्लीत शिकवणी सुरू झाली. फिल्मबाई शिकवायला लागल्या की कसं होत असेल ते ज्याला कडक मास्तर भेटलाय त्याने ओळखावं.

"ताई, हातात काहीच होत नाही गं."

"होतंय. तुझं लक्ष नाही."

"मी लक्ष देतेय."

"देत असतीस तर कळलं असतं. लहान पोराला कळेल इतकं सोपं केलंय मी ते."

असं आठ दिवस चाललं. नवव्या दिवशी खांबापाशी धाकटी थबकली आणि म्हणाली, हो, थरथरलं. फिल्मबाईंना आभाळ ठेंगणं झालं. मग धाकटीला रोज कळायला लागलं. ती ताईचा श्वास ऐकत असे. अडथळा आला की ताई किंचित श्वास धरते, तेवढं तिने हेरलं होतं. बोलणी खाऊन खाऊन माणूस ज्या युक्त्या शिकतो त्यातली ही एक. तीन आठवड्यांनी मुलाला कळवण्यात आलं, की पुढच्या सोमवारी आई एकटी दुकानात जाणार.

सोमवारी सकाळी ती एकटी निघाली. नव्या चपलांचे पट्टे आवळले, केस विंचरले, दोनदा विचारलं, नीट दिसतेय ना? फिल्मबाई म्हणाल्या, हे मला विचारतेस? दोघी हसल्या. पहिलं वळण तिने घेतलं. दुसऱ्या वळणाआधी एक टेम्पो उभा होता, मागे पत्रे भरलेला, आणि पत्र्यांच्या कडा हातभर बाहेर आलेल्या. चाकं पुढे होती, काठीला खाली मोकळा रस्ता लागला. मुठीने आपलं काम केलं असणार, ती नक्की थरथरली असणार. धाकटी सरळ चालत गेली.

गालापासून कपाळापर्यंत नऊ टाके पडले आणि पडताना टेकलेलं मनगट मोडलं. इस्पितळ तेच होतं. एक्स-रे विभागाच्या दाराशी फिल्मबाई पुन्हा बसल्या, या खेपेला नातेवाईक म्हणून. पूर्वीच्या हिशेबाने फिल्म ओली निघायला जेवढा वेळ लागे त्याच्या आतच मनगटाचं चित्र आलं, वाचलं गेलं आणि डॉक्टरीणबाई प्लास्टरच्या खोलीत आल्या. त्यांनी दुसरा, धड हात तपासायला घेतला.

"डोळे मिटून सांगा, इथे काही लागतंय?"

"मिटायचे कशाला," धाकटी म्हणाली. "नाही."

"इथे?"

"नाही."

"इथे?"

"नाही हो."

फिल्मबाई कोपऱ्यात उभ्या होत्या. त्यांना आकडे मोजायची सवय होती, त्या मोजत गेल्या. अकरा वेळा नाही. बाराव्या वेळी, कोपराच्या जवळ, धाकटी म्हणाली, आता काहीतरी लागलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जुन्या साखरेत असं होतंच, बोटांची जाण जाते, तुम्हाला माहीत असेलच. धाकटी म्हणाली, मला माहीत आहे. ताईला सांगा.

घरी आल्यावर फिल्मबाईंनी मूठ आपल्या हातात धरली आणि भिंतीसमोर उभ्या राहिल्या. तळहातात मुंगी चालली. त्यांना स्पष्ट कळली. एकतीस वर्षं फिल्मेची कड ओळखणाऱ्या बोटांना कळणार नाही तर काय.

बुधवार नव्हता तरी त्या दुसऱ्याच दिवशी कॉलेजात गेल्या. प्रोफेसरांनी खुर्ची दिली, धाकटीचं ऐकून खरोखर हळहळले. फिल्मबाईंनी मुद्द्याला हात घातला. थरथर होती तेवढी मोठी करा, आवाज परत घाला, चाक परत बसवा. डोळे साखरेने जातात त्यांचे हातही साखरेनेच जातात, आणि तुमची ही मूठ त्यांच्याच हातात पडणार आहे. आणि आणखी एक, चाचणीच्या दिवशी मूठ बंद होती.

वहीची पानं फडफडायची थांबली.

प्रोफेसर सावकाश म्हणाले, साचा तयार झालाय, तीनशे मुठी खोक्यांत भरल्यात, पुढच्या आठवड्यात वाटप आहे. पुढच्या आवृत्तीत नक्की बघू. आणि चाचणीचं आता काढून काय साधणार? तुम्ही थकलेल्या आहात, बहिणीमुळे मनावर ताण आहे.

"बाई, तुमच्या बहिणीचं दुःख मी समजतो," ते म्हणाले. "पण एका माणसावरून डिझाइन बदलता येत नाही."

"एका माणसावरूनच तर केलंत," फिल्मबाई म्हणाल्या.

वहीवाली त्यांना फाटकापर्यंत सोडायला आली. वाटेत ती म्हणाली, त्या दिवशी तुमच्या घरी मी आतल्या खोलीत जायला हवं होतं. फिल्मबाई म्हणाल्या, दारात मी उभी होते, जाणार कुठून? मुलगी रडत होती की काय कोण जाणे. फिल्मबाईंनी विचारलं नाही. खोक्यावरचा फोटो तेवढा काढून टाका म्हणाल्या. छापून झालाय, ती म्हणाली.

वाटप झालं. फिल्मबाईंना समारंभाला गाडी पाठवली होती, त्या गेल्या नाहीत. संस्थेत फोन करून त्यांनी मुठी घेतलेल्यांची नावं मागितली, तर यादी कॉलेजकडे आहे म्हणाले. कॉलेजात विचारलं तर संस्थेकडे. चार दिवस त्यांनी दोन्हीकडे फोन केले, मग दोन्हीकडचे आवाज मऊ झाले.

धाकटीला त्यांनी सगळं सांगितलं. मुंगी, टेम्पोचा विनोद, चाक, बारा पाट्या, टाळ्या. काही लपवलं नाही. धाकटी पलंगावर होती, प्लास्टरचा हात उशीवर. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला वाटत होतं माझंच लक्ष नाही."

एवढंच. ती रागावली असती तर फिल्मबाईंना बरं वाटलं असतं, पण तेवढी मेहेरबानी धाकटीने केली नाही.

रविवारी मुलगा आला, दुकानाची किल्ली न्यायला. महिनाअखेरीला मोबाइलवाला ताबा घेणार होता. कपाटं कुठे ठेवायची, शिवणयंत्रं कुणाला द्यायची, हे तो हळू आवाजात बोलत होता. फिल्मबाई मधेच म्हणाल्या, थांब. रोज सकाळी मी तिला घेऊन जाते, संध्याकाळी आणते. माझा खांदा धरून चालेल ती. मला सहा मिनिटं आहेत.



"नको ताई," धाकटी म्हणाली. "तुझ्या मागून चालायचं म्हणजे रस्ताभर ऐकून घ्यायचं. आता माझ्याच्याने नाही होत."



धाकटीने उशीखाली धड हात घातला, चाचपडत किल्ली काढली आणि मुलाच्या आवाजाच्या दिशेने पुढे केली. किल्ली वाटेतच निसटली आणि फरशीवर पडली. तिला कळलं नाही. रिकामी बोटं तशीच मिटून ती हात पुढे धरून बसली आणि म्हणाली, घे ना रे, दोन्ही कुलपांना हीच, मोठं आधी उघड, लहान नंतर.

मुलगा हलला नाही. त्याला बघवलं नसावं.

फिल्मबाईंनी किल्ली पडल्याचं ऐकलं होतं. पलंगाच्या पायापासून वीतभर, थोडी डावीकडे. त्या वाकल्या, एकदाही न चाचपडता ती उचलली आणि भाच्याच्या हातात दिली.